किताबवाल्या चाचांचा उजळणी वर्ग

शिकून मोकळे झालेले लोक जगात पुष्कळ आहेत. मीही त्यातलाच, मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी जी पुस्तकं मिटली ती मिटलीच. पण शिकणं हा ज्याला जडलेला आजार होता, आणि वय वाढेल तसा जो आजार बळावतच गेला, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या दवाखान्यातले किताबवाले चाचा. उस्मानाबादेत, गावाच्या कडेला, एका धर्मादाय संस्थेचा दवाखाना होता. तिथं मी कारकून होतो आणि चाचा ग्रंथपाल. नुसते ग्रंथपाल म्हटलेलं त्यांना चालत नसे, 'वैद्यकीय ग्रंथपाल' म्हणावं लागे, आणि ते दोन शब्द ते स्वतः असे उच्चारत की ऐकणाऱ्यानं नकळत पायातल्या चपला काढाव्यात. एवढ्याशा दवाखान्याला ग्रंथपाल कशाला, असं कुणालाही वाटेल. निजामाच्या राज्यात हैदराबादच्या कुणा म्हाताऱ्या डॉक्टरानं मरताना आपली सगळी पुस्तकं दवाखान्याला दिली आणि ती सांभाळायला शिकलेला माणूस ठेवलाच पाहिजे अशी अट घातली. तो शिकलेला माणूस म्हणजे तरुणपणीचे चाचा. पुस्तकांच्या खोलीतच, दोन कपाटांच्या आडोशाला, माझं टेबल होतं. त्यामुळं चाचांच्या विद्येचा पहिला वार नेहमी माझ्यावर पडे.

चाचांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. पुस्तकंही बरीचशी उर्दूतली, म्हणून त्यांनी ती अलिफ-बेच्या, म्हणजे उर्दू मुळाक्षरांच्या, क्रमानं लावली होती आणि तीही उजवीकडून डावीकडं. निजामाचं राज्य गेलं तेव्हा त्यांचे बरेच नातेवाईक हैदराबादेला निघून गेले. चाचा राहिले. का राहिले हे मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "किताबं कोन बघनार?" आणि विषय बदलला. त्या दिवसांबद्दल ते बोलत नसत आणि मीही खोदून विचारलं नाही. पुढं इंग्रजी पद्धत शिकून घ्यायला त्यांना हैदराबादेला वर्गाला पाठवलं. परत आले ते डावीकडून उजवीकडं लावायचं ठरवूनच आले. पण उर्दूची पुस्तकं उलटी फिरवायला त्यांचं मन घेईना. मग इंग्रजी पुस्तकं डावीकडून निघाली, उर्दू उजवीकडून, आणि मधल्या कपाटात दोघांची गाठ पडली. तिथं काय आहे हे चाचांखेरीज कुणालाच सांगता येत नसे. पुढं आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला तेव्हा चाचांना पुण्याच्या वर्गाला बोलावणं आलं. महाराष्ट्र झाला तेव्हा पुन्हा आलं. राज्य बदललं की आमची कपाटं बदलायची हे दवाखान्यातला भंगीसुद्धा ओळखून होता.

पुण्याहून आल्यावर त्यांनी जी पद्धत काढली ती पुण्यात कुणी शिकवली असेल असं मला अजूनही वाटत नाही. पुस्तकं माणसाच्या शरीराप्रमाणं लावायची. मेंदू सगळ्यात वरच्या फळीवर, त्याखाली डोळे, कान, घसा, मग छाती, पोट, असं करत पाय अगदी जमिनीलगत. इथवर ठीक होतं. पण कातडीच्या रोगांचं पुस्तक कुठं ठेवायचं यावर चाचा कित्येक दिवस जेवले नाहीत असं त्यांच्या घरून कळलं. कातडी तर सगळ्या अंगावर असते. शेवटी त्यांनी ते पुस्तक कपाटाच्या बाहेर, कडीला सुतळीनं बांधून टांगलं. "कातडी भाईरच असती की, कारकूनसाब," असं त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. या पद्धतीचा एकदा चांगलाच घोळ झाला. चाचा वर्गाला गेले असताना शिवारातून एका माणसाला साप चावला म्हणून आणलं. आमचे मोठे डॉक्टर नवे होते, त्यांना पुस्तकात एक गोष्ट ताडून पाहायची होती. चावा हाताला, म्हणून आम्ही हाताची फळी पालथी घातली. पुस्तक काही सापडेना. तोवर गावकऱ्यांनी मारलेला साप कुणीतरी काठीवर घेऊन आला, ती बिनविषारी धामण निघाली, आणि पेशंट उठून चहा प्यायला लागला. चाचा आल्यावर मी तक्रार केली. ते शांतपणे वाकले आणि पायांच्या फळीवरून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "साप पायालाच चावतोय," ते म्हणाले. "हाताला चावला त्यात सापाची चूक हाय."

पण चाचांचं खरं वेड यापुढचं. पुण्याच्या वर्गाचा एक नियम असा होता की, शिकून आलेल्यानं आपल्या जिल्ह्यातल्या इतर वैद्यकीय ग्रंथपालांचा उजळणी वर्ग घ्यावा. आता आमच्या जिल्ह्यात चाचांखेरीज वैद्यकीय ग्रंथपाल नावाचा प्राणी नव्हताच. मोठे डॉक्टर म्हणाले, "तसं कळवून टाका." चाचांना ते मुळीच मानवलं नाही. त्यांनी आठवडाभर विचार केला आणि ठरवलं की ज्याच्या घरी वैद्यकीचं पुस्तक आहे तो वैद्यकीय ग्रंथपाल. मग एसटीनं फिरून त्यांनी माणसं गोळा केली. तेरचे एक म्हातारे हकीमसाहेब आले, त्यांच्याकडं युनानीच्या पोथ्यांचं गाठोडं होतं. जळकोटचे जंगम वैद्य आले, त्यांना सगळे स्वामी म्हणत. त्यांच्याकडं मराठी पुस्तकं होती आणि कानडीही. आणि बेंबळीच्या एक सुईणमावशी आल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण कधीकाळी कुणा डॉक्टरीणबाईनं दिलेलं बाळंतपणाचं एक सचित्र पुस्तक त्यांनी लुगड्यात गुंडाळून जपलं होतं. माझ्या खणात प्रथमोपचाराची एक पुस्तिका सापडली, म्हणून मलाही धरण्यात आलं.

हा वर्ग दरवर्षी सुगी झाल्यावर भरायचा. चाचा त्या दिवशी शेरवानी घालून यायचे. हकीमसाहेब पहिल्या पाच मिनिटांत झोपायचे आणि नेमके चहाला उठायचे. स्वामी प्रत्येक वाक्याला कानडीत "हौदु, हौदु", म्हणजे होय होय, म्हणून मान हलवायचे. त्यांना किती समजे ते शंकराला ठाऊक. मावशी मात्र सोडायच्या नाहीत. "चाचा, तुमी म्हंता पाठीवर डकवलेली चिठ्ठी वाचून पुस्तक काढावं. म्या तर रंगावरनं काढते. लौकर कुणाचं निघतंय बघू का?" पैज लागली की चाचा हरायचे. मग ते म्हणायचे, "मावशी, रंग उडतोय. अक्षर न्हाय उडत." शेवटी चिठ्ठ्या वाचण्यासाठी मावशी अक्षरं गिरवायला लागल्या, आणि तेव्हा मला कळलं की देवनागरी चाचांनाही जडच जात होती. चाळिशी उलटल्यावर शिकलेली लिपी ती. 'ध' आणि 'घ' यांनी त्या दोघांना सारखंच छळलं. मग मावशी बाजाराच्या दिवशीही येऊ लागल्या, आणि दुपारी दवाखाना सुना झाला की ही दोन पिकल्या केसांची माणसं एका पाटीवर डोकी घालून बसलेली दिसायची, आणि एकमेकांच्या चुका काढण्यात त्यांना शिकण्याइतकाच आनंद व्हायचा.

एकदा मी थट्टेत म्हणालो, "चाचा, कशाला एवढा खटाटोप? यातलं कोण ग्रंथपाल होणार आहे?" ते हसले नाहीत. "कारकूनसाब, उर्दूत शिकलो, ते वाचनारं आता कोनी राह्यलं न्हाय. इंग्रजीत शिकलो, मराठीत शिकलो. पोरी लगीन करून गेल्या. मी गेलो की हे समदं माझ्यासंगं कबरीत जानार. एक मानूस तयार झाला तरी बस हाय मला." त्यानंतर मी त्या वर्गाची थट्टा केली नाही.

मग दवाखान्यात क्ष-किरणाचं यंत्र यायचं ठरलं. जाड भिंतीची, अंधारी करता येईल अशी एकच खोली होती, ती पुस्तकांची. संस्थेचे लोक म्हणाले, पुस्तकं गोदामात टाका आणि चाचांना केसपेपरच्या खिडकीवर बसवा. मला वाटलं चाचा आता आकाशपाताळ एक करणार. पहिले काही दिवस त्यांनी केलंही. खोलीला आतून कडी लावून बसले. पण त्याच आठवड्यात मांडीचं हाड मोडलेल्या एका बाईला बैलगाडीतून आणलं, आणि फोटो काढायला तिला तशीच पुढं सोलापूरला न्यावी लागली. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत तिचं ओरडणं ऐकू येत होतं. चाचा कपाटापाशी उभे राहून ऐकत होते. ती गाडी गेल्यावर त्यांनी स्वतःच मेंदूची फळी रिकामी करायला घेतली.

गोदामात मात्र त्यांनी एक पान जाऊ दिलं नाही. संस्थेची परवानगी काढली आणि आपला वर्ग बोलावला. उर्दू आणि युनानीचं कपाट हकीमसाहेबांबरोबर तेरला गेलं, औषधांच्या पुस्तकांचं जळकोटला. बाळंतपणाची आणि पोराबाळांची पुस्तकं बेंबळीला गेली. मावशी तोवर तिथल्या आरोग्य केंद्रावर सरकारी दाई झाल्या होत्या. कपाट बैलगाडीत चढवताना मावशी म्हणाल्या, "चाचा, घोर लावून घेऊ नका. लेकरासारखं सांभाळते." चाचांनी कपाटाची दोरी पुन्हा एकदा ओढून पाहिली. रिकाम्या खोलीत जाऊन ते बराच वेळ उभे राहिले, आणि मीही टेबल आवरण्याचं निमित्त काढून तिथंच घुटमळलो.

पुढच्या वर्षी पुण्याहून उजळणी वर्गाचं बोलावणं आलं. या खेपेला खेड्यांतल्या आरोग्य केंद्रांतली पुस्तकं सांभाळणाऱ्यांनाही बोलावलं होतं. मी ते कौतुकानं खिडकीवर नेऊन दिलं. चाचांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "मी आता ग्रंथपाल कुठं हाय?" आणि मावशींचं नाव कळवलं. मावशी पुण्याला गेल्या, जाऊन आल्या, आणि नियमच असल्यामुळं त्यांनी दवाखान्याच्या ओसरीवर वर्ग घेतला. चाचा शेरवानी घालून सगळ्यांत पुढं बसले होते. मावशींनी शिकवलं ते सगळं निराळंच होतं. मध्येच चाचांनी हात वर करून काही दुरुस्ती सुचवली, तर मावशी म्हणाल्या, "चाचा, ते जुनं झालं. आता तसं न्हाय लावत कुणी." हकीमसाहेबसुद्धा जागे झाले. मला मावशींचा राग आला. वर्ग संपल्यावर मी चाचांना तसं म्हणालो, तर त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे भरले होते. "असं नका बोलू, कारकूनसाब. माझं शिकवलेलं जुनं करनारं कोनी तरी निघालं की. आन् तेबी मी जिता असताना."

त्यानंतर चाचा दर शुक्रवारची नमाज झाली की बेंबळीला जायला लागले, नवी पद्धत शिकायला. फार वर्षं जगले नाहीत ते. पण मला आठवतात ते अशाच एका दुपारचे. एसटीपाशी भेटले, घाईत होते. मी म्हटलं, "चाचा, चहा तरी घेऊन जा." ते पायरीवर चढून मागं वळले आणि शाळेतल्या पोरासारखं तोंड करून म्हणाले, "नक्को, नक्को. उशीर झाला की मावशी मागं बसवत्यात."