पाहुण्याचा पेला

मंडळी, एक अत्यंत गंभीर गोष्ट जाहीर करतो, हातातले कप खाली ठेवा. निर्जळी एकादशी पंचांगात वर्षातून एकदा येते. मी ती एका उन्हाळ्यात निदान वीस वेळा पाळली. त्यातल्या एकाही दिवशी एकादशी नव्हती.

फाळणीनंतरची गोष्ट. कल्याणच्या पुढे लष्कराने सोडलेल्या बराकींत सिंधहून आलेली माणसं भरली होती. त्या छावणीला उल्हासनगर हे नाव नुकतंच चिकटलं होतं. मी तिथल्या शाळेत मास्तर, राहायला बराकीच्या टोकाची खोली. गोणपाटाच्या पडद्यापलीकडे एक म्हातारं जोडपं. म्हाताऱ्याला सगळे दादा म्हणत, बायकोला अम्मा.

नळाला सकाळी एक तास पाणी. दादांच्या वाट्याला दोन हंडे. तिकडे सिंधमध्ये यांच्या दारावरून कालवा वाहायचा, आणि इथे हा माणूस रांगेत हंड्याच्या गळ्याला धरून उभा.

घरी आले की पहिलं काम ठरलेलं. सिंधहून आणलेला पितळी पेला खांद्यावरच्या फडक्याने पुसायचा, काठोकाठ भरायचा, वर बशी झाकून फळीवर ठेवायचा. "पहले मेहमान का," म्हणायचे. उरलेल्यात स्वयंपाक, आंघोळ, सगळं. दिवसभरात कोणी आलंच नाही, तर संध्याकाळी दोघं तो पेला अर्धा अर्धा पीत.

मी डोकावलो की पेला पुढे. "बैठो मास्तरजी, पानी पियो."

दोन हंड्यांत भागवणाऱ्याचा पेला कसा रिकामा करायचा? पहिल्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "आज निर्जळी आहे, दादा." मग मला त्याची गोडीच लागली. डोळे मिटायचे, छातीवर हात ठेवायचा, कोरड्या ओठांवरून जीभ फिरवायची. खोलीतल्या सोबत्याला मी हे साभिनय करून दाखवी. तो अंबरनाथच्या कारखान्यात फिटर, हसून लोळायचा.

"आपके भगवान को दूसरों की प्यास बहुत पसंद है," दादा एकदा म्हणाले.

आणखी एकदा पेला परत झाकता झाकता म्हणाले, "मास्तरजी, हम तो परदेस में आ गये. जिस घर का पानी कोई नहीं पीता, वो घर काहे का? धरमशाला है." हसतच म्हणाले. मीही हसलो.

मग एका सकाळी मी नेहमीप्रमाणे निर्जळी जाहीर करून बाहेर पडलो आणि वाटेत नळावर ओंजळ धरली. ऊन चढलं होतं, घटाघटा प्यायलो. तोंड पुसून मान वर केली, तर दुसरा हंडा भरायला रांगेत आलेले दादा. त्यांनी माझी ओंजळ बघितली, मग भिजलेल्या सदऱ्यातून दिसणारं जानवं बघितलं. हंडा उचलला आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले, मला जायला वाट म्हणून.

त्यांनी काय समज करून घेतला, तो मला त्याच क्षणी कळला. एक वाक्य पुरलं असतं: दादा, तुम्हाला कमी पडेल म्हणून पीत नव्हतो. पण मग माझ्या वीस एकादश्या खोट्या ठरत होत्या. उद्या सांगू, म्हटलं. असे खूप उद्या आले.

त्या दिवसापासून फळीवरचा पेला पालथा. दादा मला बघून हात जोडत आणि हवेबद्दल बोलत. सोबती म्हणाला, "सुटलास लेका." मी हो म्हटलं.

उन्हाळा संपता संपता दादा तापाने गेले. चार दिवसांनी मी पडदा बाजूला करून आत गेलो. अम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. आमच्यात सुतकाच्या घरी पाणी पीत नाहीत. मला ते पक्कं ठाऊक होतं.

"अम्मा, पानी दो," मी म्हटलं.

त्या उठल्या. पेला सुलटा केला, पदराने पुसला, हंड्यातून काठोकाठ भरला. मी तो एका दमात रिकामा केला आणि तोंड उघडलं, ते वाक्य सांगायला.

त्याआधी अम्माच बोलल्या. "मास्तरजी, आज धरम नहीं बिगडा आपका?"