अवतारातला फोटो

दादा बोटीवर नोकरीला होता. एकदा रजेवर येताना त्याने कॅमेरा आणला आणि आमच्या मांडवीच्या घरात फोटो काढणं म्हणजे सत्यनारायण होऊन बसलं. आधी अंघोळ, मग ठेवणीतलं पातळ, मग खुर्ची. रोल महाग, म्हणून तो गणपतीपासून शिमग्यापर्यंत पुरवायचा. कॅमेरा दिसला की आई "थांबा हां" म्हणत आत पळायची आणि बाहेर यायची ती कोणीतरी दुसरीच बाई. ओठ मिटलेले, हात मांडीवर, पोलिसात जबानी द्यायला बसल्यासारखी.

दादाला ती बाई नको होती. त्याला बोटीवर न्यायला आपली आई हवी होती. रजाभर तो तिच्या मागेमागे फिरला, पण कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत ती आत गेलेली असायची. शेवटी खुर्चीतलाच फोटो घेऊन तो निघाला. एसटी स्टँडवर त्याने कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला.

"सांगून काढू नको गो. उजेड बरा आहे का, कपडे बरे आहेत का, बघत बसू नको. दिसली की दाब."

"आणि हलला तर?"

"हलू दे. आई काय घरात हलत नाही?"

मे महिन्यात खळ्यात फणसपोळीची ताटं वाळत घातली होती. आई पदर खोचून, काठी उगारून कावळ्यांच्या मागे धावत होती. "मेल्यांनो, मुडदा बशिवला तुमचा!" मी खिडकीतूनच बटण दाबलं. फोटो धुऊन आला तो तिरका. काठी अर्धी कापलेली, केस पिंजारलेले, तोंड उघडं. पण ती आमची आई होती. स्टुडिओच्या पायरीवरच मला हसू आणि रडू एकदम आलं.

आईने कपाळाला हात लावला. "ह्या अवतारात? परक्या मुलखातली माणसं काय म्हणतील? फाड आधी!"

मी तो पोस्टात टाकला. त्यानंतर दिसेल ते टिपत सुटले, अगदी चुलीपाशी झोपलेलं मांजरसुद्धा. दादाला दाखवायचं म्हणून. त्याच्यावाचून घर खायला उठायचं. घरात गोडधोड झालं की आईच्या घशाखाली उतरत नसे. "पोर तिथे काय खात असेल," एवढंच म्हणायची.

पुढच्या रजेला दादा आला तेव्हा तो फोटो त्याच्या पाकिटात होता, चिकटपट्टीचे डाग पडलेला. पडवीत बसून तो सांगायला लागला, "बिछान्यापाशी लावला होता. बोटीवरची पोरं विचारायची, तुझी आई एवढी कुणावर ओरडतेय? मी सांगायचो, मला जेवायला बोलावतेय."

आई हसली. "बोलावत कसली होते? कावळे हाकलत होते मी."

"माहिती आहे गो आई. बोलावलं असतंस तरी मला येता कुठे येणार होतं?"

आईचं हसू तिथेच थांबलं. चहाची वेळ होती, दादा जेवून तासभरही झाला नव्हता, तरी ती उठून आत गेली आणि तिने त्याचं पान वाढायला घेतलं.