पाठीमागचे पाणी

स्लिव्हेन शहरातली कापडगिरणी बंद पडली तेव्हा वेसेला त्रेपन्न वर्षांची होती. तिथल्या मागांपाशी उभे राहण्यातच तिचे निम्मे आयुष्य गेले होते. त्यानंतर ती नोकरीसाठी कुणाला भेटायला निघाली, की तिची सासू रायना भांडे भरून दारात येई आणि तिच्या पाठीमागे जिन्यावर पाणी ओती. काम पाण्यासारखे सुरळीत व्हावे, म्हणून.

"आई, पुरे आता. जिना भिजतो, नोकरी काही मिळत नाही."

"जिना तरी धुतला जातो! खालची डोरा तर म्हणते, सुनेला इतक्यात नोकरी लागू देऊ नका."

नकार कुणी उद्धटपणे दिला नव्हता. "तुमच्यासारखी अनुभवी माणसं मिळतात कुठं हो," असे म्हणत लोक दारापर्यंत पोचवायला येत. मग फोन येत नसे. अपमान झाला असता तर रागावता आले असते. सौजन्यावर रागवायचे कसे? अशा वेळी माणूस स्वतःतच खोट शोधू लागतो. वेसेलाही शोधू लागली होती. पण परतल्यावर सासूच्या चेहऱ्यावरची आशा विझताना पाहणे तिला त्याहून जड जाई.

म्हणून शिवणकारखान्यात बोलावणे आले, तेव्हा रायना न्हाणीघरात असतानाच ती जोडे हातात घेऊन निघाली. तिथला तरुण व्यवस्थापक हसून म्हणाला, "मावशी, दिवसभर उभं राहायचं काम आहे. तुम्हाला नाही झेपणार." 

घरी रायना भाजलेल्या मिरच्या सोलत होती.

"कुठं गेली होतीस?"

"बाजारात."

"रिकाम्या हातांनी? आणि लग्नातले डूल घालून?"

वेसेला खुर्चीत बसली. "नाही म्हणाले."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही पाणी ओतता आणि मी हात हलवत परत येते. वायाच जातं ते."

रायनाने मिरची खाली ठेवली. "नोकरी देणं त्यांच्या हातात, पोरी. तू या घरातून एकटी निघू नयेस, एवढंच माझ्या हातात होतं. आज तेही काढून घेतलंस."

वेसेलाने डूल उतरवले, सुरी घेतली आणि उरलेल्या मिरच्या सोलायला घेतल्या.

सोमवारी इस्पितळाच्या धुलाईघरात बोलावणे होते. वेसेला दाराबाहेर आली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर दाराकडे पाठ करून थांबली. आतून रायनाच्या काठीचा आवाज सावकाश जवळ येत होता.

"घाई नाही, आई," ती म्हणाली.

टाचांपाशी पाणी आले, तेव्हा ती उतरू लागली.