व्याह्यासमोर प्यालेलं माठाचं पाणी

सन २०२३. माझं वय एकाहत्तर. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला आणि सरळ सांगितलं, "काका, आतड्याचा कॅन्सर आहे. स्टेज फोर." म्हणजे रोग लिव्हरपर्यंत गेलेला. "पूर्ण बरा होणार नाही. पण केमोनं मागे रेटता येईल. सहा डोस देऊ, मग स्कॅन."

मी चौथी शिकलेला. पण काटोलकडे संत्र्याची बाग एकट्यानं उभी केली. आता नागपुरात, जरीपटक्यात पोरीच्या घरी राहून उपचार घ्यायचे, हेच मले आजारापेक्षा जड गेलं.

औषधाचं नाव ऑक्झॅलिप्लॅटिन. नर्सबाईनं बजावलं होतं, डोसनंतर काही दिवस थंड प्यायचं नाही, थंड भांड्याले हात लावायचा नाही, कूलरसमोर बसायचं नाही. आणि महिना मे. नागपूरचा.

दुसऱ्या डोसनंतर इवाई, म्हणजे माझ्या पोरीचे, सुनंदाचे सासरे, गावाहून पाहायला आले. सुनंदानं त्यांना माठातलं पाणी दिलं, मले वाफाळतं.

ते मले हसले, "काहून जी इवाई, बाळंतीण झाले काय तुमी?"

व्याह्याचं हे ऐकून घेऊ? उठलो, माठातून गडू भरला आणि घटाघटा प्यालो.

गळा आवळला. श्वास येईना. बोटांत सुया टोचाव्या तसं झालं. इवाईंच्या हातचा गिलास सुटला. सुनंदानं गरम टॉवेल गळ्याला लावला, "हळूहळू श्वास घ्या, बाबा," म्हणत राहिली. थोड्या वेळानं गळा सुटला.

"पुरे झालं," मी म्हटलं. "मले नाही पाहिजे केमो."

सुनंदा रडली नाही. "केमोनं नाही बाबा, तुमच्या ताठ्यानं गळा धरला. हे डॉक्टरीणबाईले सांगा, मंग खुशाल सोडा."

डॉक्टरीणबाईले जाऊन सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "गळा खरोखर बंद होत नाही, काका. या औषधानं नसा थंडीला बिचकतात. बोटं बधिर राहिली तर सांगा, डोस कमी करता येतो. ताप आला तर लगेच या. मी औषध देऊ शकते. माठ तुमचा तुम्हालाच सांभाळायचा आहे."

तिथून मी माझा हट्ट दुसरीकडे वळवला. जाईन तिथे थर्मास. फ्रिज उघडायला हातमोजे. मिरची बंद, मऊ वरणभात, तोही थोडा थोडा. मळमळीची गोळी वेळेवर. तोंड आलं की मीठ टाकून कोमट पाण्याच्या गुळण्या. ज्याले हसायचं तो हसला. तुमच्यावर ही वेळ आली तर जे होते ते डॉक्टरले सांगा. आपण लपवलं की रोगाचं फावते.

सहा डोस झाले. सीटी स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं, "लिव्हरच्या गाठी बऱ्याच लहान झाल्या. रोग गेला नाही, पण हटला. पुढचे डोस घेणार ना?"

"त्याले पळताना पाहिलं, आता सोडतो काय?"

दुसऱ्या दिवशी सातवा डोस होता. सकाळी सुनंदा उठायच्या आधी मी आंघोळ करून, हातमोजे घालून फाटकात उभा. आत आवाज दिला, "चाल वं, उशीर काहून करून राहिली?"