विठ्ठलरावांचं सुकट

विठ्ठलराव तीस वर्षांचे माळकरी. मासमच्छी सोडाच, चातुर्मासात ते घरात कांदासुद्धा येऊ देत नाहीत. घाटंजीजवळच्या आमच्या गावात सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी कीर्तनकार महाराजांचं जेवण एका घरी असतं. यंदा पहिल्यांदाच तो मान त्यांच्याकडे आला आणि माणूस आनंदानं हवेतच चालू लागला. अडचण एकच, माशा. अंगणात दोन म्हशी, मागे उकिरडा. गेल्या वर्षी रामधनच्या घरी महाराजांच्या खिरीत माशी पडली आणि ते भरल्या ताटावरून उठले. गाव अजून रामधनला ते विसरू देत नाही.

म्हणून विठ्ठलरावांनी सापळे केले. रिकाम्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवायचं. माशी आत जाते, तिला बाहेरची वाट सापडत नाही. गुळाचं पाणी घालून पाच बाटल्या त्यांनी हौसेनं थेट स्वयंपाकघराच्या दाराशी टांगल्या. मुंग्या आल्या, मधमाश्या आल्या, आणि अर्ध्या गावाच्या माशाही मुक्कामाला आल्या.

"माशा मारून राह्यले का पोसून राह्यले तुमी?" इंदूबाईंनी पोळ्या लाटता लाटता नवऱ्याला विचारलं.

"गुळानं काय होते? सुकट टाका," रामधन म्हणाला. "अन् बाटल्या तिकडं उकिरड्यावर टांगा."

सुकट म्हणजे वाळवलेली मासळी. विठ्ठलराव तीन दिवस तळमळले. शेवटी बाजाराच्या दिवशी तोंडाला दुपट्टा गुंडाळून ते घाटंजीला गेले, सुकट विकणाऱ्या मानीबाईच्या टोपलीपुढे उभे राहिले आणि सवयीनं "रामकृष्ण हरी" म्हणाले. दुपट्ट्याचा उपयोग तिथंच संपला.

"रस्स्याले पायजे का भाजाले, भाऊ?"

"माशाईले," ते म्हणाले. सगळी ओळ हसली.

ते एसटीतून उतरायच्या आत बातमी गावात पोचली होती. सप्ताहाची मंडळी जाब विचारायला आली. उकिरड्यावर टांगलेल्या, माशांनी काळ्या झालेल्या सुकटाच्या बाटल्या पाहिल्या तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. मात्र महाराजांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं ठरलं.

जेवणाच्या दिवशी घरात औषधालाही माशी नव्हती. महाराजांनी दोनदा खीर घेतली आणि मग हात थांबवला.

"विठ्ठलराव, गोठ्याले लागून घर, अन् माशी नाही. काय करता?"

मंडळी आपापल्या ताटात पाहू लागली. खोटं बोलावं तर गळ्यात माळ, खरं बोलावं तर महाराज ताटावरून उठणार. विठ्ठलरावांचे डोळे भरून आले.

"सुकट आणलं, महाराज. माह्याच हातानं."

इंदूबाई वाढता वाढता तशाच उभ्या राहिल्या.

"खाल्लं कोणं?" महाराजांनी विचारलं.

"माशाईनं."

"त्यायच्या गळ्यात कुठं माळ आहे?" म्हणत महाराजांनी वाटी पुढे ओढली.

निघताना त्यांनी विठ्ठलरावांना बाजूला घेतलं. "आमच्या मठातबी लय माशा आहेत. पण मले कोणाकडून सुकट मागवता येत नाही. तुमचं तं आता नाव झालंच आहे."