बारच्या मागचे यजमान

माझ्या यजमानांनी सव्वीस वर्षं मुंबईत लोकांना दारू पाजली आणि मी रत्नागिरीत बायकांचे ब्लाउज शिवले. लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी 'मुलगा मोठ्या हॉटेलात आहे' एवढंच सांगितलं होतं. माझ्या वडिलांनी तो मॅनेजर असणार असं परस्पर ठरवून टाकलं. लग्नानंतर चौथ्या दिवशी ह्यांनीच मला खरं सांगितलं, की आपण बारच्या मागे उभं राहून कॉकटेलं बनवतो आणि स्वतः मात्र घेत नाही. पहिली गोष्ट मला लगेच पटली. दुसरी पटायला सात-आठ वर्षं गेली.

मुंबईत ह्यांची खोली म्हणजे गावातल्या सहा जणांत एक. तिथे मी कुठे राहणार? मी इथेच राहिले, सासूबाईंना बघितलं, मुलाला वाढवलं आणि घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकली. हे गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे आणि मे महिन्यात जमलं तर आठवडाभर. सगळ्या वर्षांची बेरीज केली तर आमचा एकत्र संसार अडीच-तीन वर्षांचा होईल. मुलगा शिकायला पुण्याला गेल्यावर ही बेरीज मी एकदा केली होती आणि परत कधी केली नाही.

अकरा-बारा वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या लग्नांत 'कॉकटेल नाइट' शिरली. तोवर आमच्याकडे साखरपुडा, हळद, लग्न, पूजा, एवढ्यावर भागत होतं. एक बाई कापड घेऊन आल्या आणि म्हणाल्या, कॉकटेलला शोभेल असा ब्लाउज शिवा. मी मान डोलावली. शिंप्याने माहीत नाही म्हणायचं नसतं. त्या गेल्याबरोबर मी मुंबईला फोन लावला आणि विचारलं, तुमच्याकडे कॉकटेल प्यायला येणाऱ्या बायका घालतात तरी काय.

"पुढून सगळं झाकलेलं," हे म्हणाले, "आणि पाठीमागे शिंपी कापड लावायला विसरलाय, असं समज."

त्या दिवसापासून आमचा रात्रीचा फोन सुरू झाला. काम संपलं की एकच्या सुमाराला हे फोन करायचे आणि त्या रात्री कोण काय नेसून, घालून आलं होतं ते सांगायचे. गिऱ्हाइकाचा फोटो काढायचा नाही हा ह्यांचा नियम, त्यामुळे सगळं शब्दांत. सुरुवातीला 'बाहीला पंख्यासारखं कायतरी' असं सांगणारा माणूस दोन वर्षांत बोट नेक आणि बेल स्लीव्ह बोलायला लागला. पुढे तर कापड अंगावर कसं पडतं, अस्तर आहे की नाही, हेसुद्धा कळायला लागलं. मी अंथरुणात वही घेऊन बसायचे आणि ऐकता ऐकता चित्र काढून घ्यायचे. मुंबईतली फॅशन रत्नागिरीत पोचायला पूर्वी वर्ष लागायचं, माझ्याकडे ती दुसऱ्या दिवशी दुपारी कापलेली असायची. बायका म्हणायच्या, तुम्ही इंटरनेटवर बघत असाल नाही का. मी म्हणायचे, हो.

फोनवर आम्ही तासभर बोलायचो. पण हेच यजमान गणपतीला घरी आले, की बॅग रिकामी होईपर्यंत आमच्या गप्पा संपायच्या. मग हे झोपाळ्यावर आणि मी मशीनवर. 'चहा ठेवू काय?' 'ठेव.' बस्स. पंधरा दिवसांनी हे एसटीत बसले की मला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटायची. रात्री एकला फोन आला की पुन्हा सगळं सुरळीत. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काय उगाच नाही.

गेल्या वर्षी एका रात्री ह्यांनी एका खांद्याच्या गाऊनचं अगदी बारीक वर्णन केलं आणि त्याच सुरात विचारलं, "येऊ काय गो घरी? कायमचा?"

आरे-वारेच्या रस्त्याला सड्यावर, जिथे कातळ आणि गवत याशिवाय काही नव्हतं, तिथे एका आंबा बागायतदाराने मोठं रेस्टॉरंट बांधलं होतं. काचेच्या भिंती, समोर समुद्र आणि मधोमध भलामोठा बार. त्याला बार सांभाळणारा अनुभवी माणूस हवा होता. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

मी 'बघू' म्हटलं. सव्वीस वर्षं नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईने 'बघू' म्हणावं, हे मलाही शोभलं नाही. पण मला खरंच भीती वाटत होती. हे घरी आले तर रात्री एकचा फोन बंद होणार, आणि तो बंद झाल्यावर आमच्यात उरणार काय, ते मला दिसत नव्हतं. चहा ठेवू काय, ठेव, असं किती वर्षं करणार?

मालकांनी सुचवलं, की शनिवारी जोडीने या, पाहुणे म्हणून जेवा, जागा बघा, मग ठरवा. हे शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघून सकाळी आले. मी मनात ठरवलं, की ही एक संध्याकाळ समोरासमोर नीट पार पडली तर हो म्हणायचं, नाहीतर तुम्ही तिथेच बरे म्हणून सांगायचं.

मी स्वतःसाठी वनपीस शिवला होता. रंग, गिऱ्हाइकं ज्याला वाइन कलर म्हणतात तो. ह्यांच्या मते असल्या रंगाची वाइन कुणी दिली तर ती परत पाठवावी. शेजारच्या काकूंनी गेटाशी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि कुणाचं लग्न आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझंच. त्यानंतर मी घेर गोळा करून स्कूटरवर मागे एका बाजूला पाय सोडून बसले. निघण्यापूर्वी दोघांनी थोडा थोडा भात खाऊन घेतला होता, कारण लोकांच्या देखत भुकेल्यासारखं खाणं आमच्यात बसत नाही.

ह्यांनी काळी पँट आणि पांढरा शर्ट घातला होता. दुसरे चांगले कपडे ह्यांच्याकडे नाहीत. परिणाम असा झाला, की आत पाऊल टाकतो न टाकतो तोच एका टेबलावरच्या गृहस्थांनी ह्यांच्याकडे पाणी मागितलं. आणि ह्यांनी ते नेऊन दिलं. वर लिंबू हवं का असंही विचारलं.

आमचं टेबल काचेला लागून होतं. ह्यांनी माझी खुर्ची मागे ओढली, मी बसले, आणि हे माझ्या मागे एक हात पाठीशी घेऊन उभेच राहिले. दोन मिनिटं मी समुद्र बघितला. मग मागे वळून हळूच म्हटलं, की आता बसायचं असतं. हे बसले, पण खुर्चीच्या कडेवर, कुणी हाक मारली तर उठायला बरं म्हणून. समोर बार दिसत होता आणि ह्यांची नजर तिथून हलत नव्हती, म्हणून मी जागा बदलायला लावली. तर हे पाठ फिरवून कानांनी बघायला लागले. मागे शेकर हलला की चेहऱ्यावर आठी. "बर्फ कमी घातलाय," हे म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आता जास्त झाला."

मीही काही सोवळी नव्हते. त्या हॉलमध्ये मी शिवलेली निदान सात वस्त्रं बसली होती. कुणाच्या अंगावर माझी शिवण कशी वागतेय ते बघत मी मेनूकार्ड उलटं धरलं होतं. आपली सुरमई तिथे चार ओळींच्या इंग्रजी नावाखाली लपून बसली होती. ती आम्ही शोधून काढून मागवली, आणि मग बोलायला काही राहिलं नाही. समुद्र छान आहे, मी म्हटलं. हो, ह्यांनी म्हटलं.

एवढ्यात दारातून एक मुंबईकर जोडपं आलं आणि आमच्या टेबलाजवळून पुढे गेलं. ह्यांनी मान तिरकी केली, आवाज खाली आणला, आणि अगदी फोनवरच्या सुरात सुरुवात केली. "काळा हाय. मखमल. पाठीवर दोन दोऱ्या, गाठ डाव्या अंगाला—"

"दिसतंय मला," मी म्हटलं.

मी ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. पण हे जे थांबले ते थांबलेच. खरंच होतं की, मला दिसत होतंच. सगळं दोघांनाही दिसत होतं, मग कुणी कुणाला सांगायचं? माझं उत्तर ठरल्यासारखं झालं. सुरमई आली ती आम्ही काटे काढत खाल्ली.

तितक्यात माझी एक गिऱ्हाईक बाई पाठीवर पदर घट्ट धरून टेबलाशी आली. हूक तुटला होता. हूक मी लावलेला, म्हणजे उठणं भाग होतं. पर्समध्ये सुई-दोरा कायम असतो. वॉशरूममध्ये तिचा हूक लावेपर्यंत आणखी दोघी रांगेत उभ्या राहिल्या, एकीला खांदा आवळून हवा होता आणि एकीला नुसतं विचारायचं होतं, की माझा वनपीस कुणाकडून शिवून घेतला. मी परत आले तेव्हा ह्यांची खुर्ची रिकामी होती.

हे बारच्या मागे उभे होते. बार चालवणारे गृहस्थ मालकांचेच भाऊबंद, मोबाईलवर बघून शिकलेले. एका टेबलाने एकदम नऊ कॉकटेलं मागितल्यावर त्यांनी हात टेकले होते, आणि ह्यांना राहवलं नव्हतं.

सव्वीस वर्षांत मी ह्यांना काम करताना कधी बघितलंच नव्हतं. घरी हे जरा वाकून चालतात, भांडं उचललं तर ते हमखास पडतं. इथे ताठ उभे होते. एका हाताने बर्फ, दुसऱ्याने बाटली, डोळे समोरच्या माणसावर, आणि थेंब बाहेर नाही. नऊ ग्लास ओळीने भरले आणि नवव्या ग्लासाला शेकर नेमका रिकामा झाला. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. मला हा माणूस आवडला, आणि आपण त्याच्याशी लग्न केलेलं आहे हे लक्षात येऊन मला फार मजा वाटली.

काम आटपून हे टेबलाशी आले आणि सवयीने किंचित वाकून म्हणाले, "मॅडम, गोड देऊ की आंबट?"

"एवढी वर्षं झाली आणि विचारता काय?"

"तू कधी सांगितलंस?"

ते खरं होतं. ह्यांना तरी गोड आवडतं की आंबट, हे मला कुठे माहीत होतं? मी आंबट म्हटलं. हे जिन, कोकमाचं आगळ, मीठ आणि एक उभी चिरलेली मिरची घालून काहीतरी घेऊन आले. मी आयुष्यात पहिल्यांदा कॉकटेल प्यायले, आणि खोटं कशाला बोलू, मला आवडलं. अर्धा ग्लास झाल्यावर जीभही सैल झाली. संध्याकाळपासून जे मनात होतं ते मी बोलून टाकलं.

"सगळ्या मुंबईच्या बायकांच्या पाठी बघितल्यात तुम्ही. माझ्याकडे आज एकदा तरी बघितलंत काय?"

हे टेबलावरचा ओला डाग रुमालाने पुसत राहिले. मला वाटलं, संपलं.

"क्रेप," हे म्हणाले. "गळा बोट नेक. बाही कोपराखाली दोन बोटं. घेर बेताचा, स्कूटरवर बसायचं म्हणून. कमरेला पट्टा लावला होतास, निघताना काढलास. बरं केलंस, नको होता." मग म्हणाले, "आणि डावा खांदा."

मी चिडले. तो खांदा मी दोनदा उसवून पुन्हा शिवला होता आणि कुणाला दिसणार नाही अशा आशेवर घालून आले होते. "शिवण ओढतेय तिथे," मी म्हटलं. "कळलंय मला."

"शिवण सरळ हाय गो," हे म्हणाले. "खांदा उतरलाय तुझा. मशीनवर वाकून वाकून. गणपतीत एवढा नव्हता."

मी गावभरच्या बायकांची मापं घेते. कुणाची कंबर कधी वाढली, कुणाची पाठ कधी झुकली, सगळं माझ्या वहीत असतं. माझं स्वतःचं माप मी कितीतरी वर्षांत घेतलं नव्हतं, जुन्याच कागदावरून कापत होते. मला रडू आलं, आणि मी ते मिरचीवर ढकललं. हे फोनवर का नाही सांगितलंत, असं मी विचारलं.

"लांबून कसं सांगणार? अंदाज चुकला तर?"

मी ग्लास खाली ठेवला. म्हटलं, "सोमवारपर्यंत कशाला थांबताय? मालक त्या दाराशी उभे आहेत. आत्ताच सांगून या."

हे लगेच उठले आणि निघाले. तेव्हा पाठीमागून मला ह्यांच्या शर्टाची कॉलर दिसली. घडीवर पार विरली होती, आतलं कॅनव्हास दिसत होतं. दुसऱ्या कुणाची असती तर मला ती दारातून आत येतानाच दिसली असती.