जुळीला लावलेली ठिगळं

पन्नाशीतली मी फार हुशार होते. म्हणजे तसं मला वाटायचं, आणि ऑफिसातल्या साहेबांनाही, यातच सगळं आलं.

सूर्यात तयार होते तशी ऊर्जा जमिनीवर करू पाहणारं एक फ्यूजनचं यंत्र शेजारच्या राज्यात होतं. मी पनवेलला घरी बसून त्याची संगणकातली जुळी, म्हणजे आकड्यांची हुबेहूब प्रतिकृती, सांभाळायची. खऱ्या यंत्रात तापलेला वायू जेमतेम काही क्षण टिकायचा; त्याच क्षणांचं गणित जुळीसाठी कुठल्याशा दूरच्या, भाड्याने घेतलेल्या संगणकांवर दिवसभर चालायचं. इथे लोडशेडिंग झालं तरी तिकडे चालूच. दारावर येणाऱ्या उरणच्या मासेवालीने एकदा विचारलं, "म्हंजे ही खरी नाय ना, ताई?" मी तिला अर्धा तास समजावलं. बिचारीचा बर्फ वितळला.

यंत्राच्या भिंतीचं खरं तापमान आणि जुळीने सांगितलेलं, दोन्हींच्या रेघा मी एकाच कागदावर काढायची. जुळल्या नाहीत की जुळीतला एखादा आकडा हळूच वाढवायचा. त्याला आम्ही ठिगळ म्हणायचो. ठिगळं लावण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. एका रेघेखाली दुसरी दिसेनाशी झाली की बाईसाहेब स्वतःवर खूश होऊन आमरस करायच्या.

मग त्या जुळीच्या भरवशावर यंत्र जास्त वेळ चालवायचं ठरलं, तेव्हा कुठे मी जुळी पुन्हा तपासायला घेतली. मी सगळी ठिगळं उसवली. अकरा निघाली. दहांची कारणं मला देता आली. तळाच्या भिंतीजवळच्या एकाचं नाही. तिथे यंत्र जुळीपेक्षा जास्त तापत होतं, आणि का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तसंच चालवलं तर भिंत वितळायची भीती.

साहेबांचा फोन आला. यंत्र जास्त वेळ चालवायला परवानगी देणाऱ्या समितीला सोमवारी रेघा दाखवायच्यात, ते ठिगळ परत लावा. मी नाही म्हटलं. या वयात हट्ट शोभत नाही, म्हणाले.

"साहेब, याच वयात शोभतो. त्या रेघांवर मी सही करणार नाही."

"मग दुसरं कोणी करेल."

"करू दे. पण समितीला मी आधी कळवणार."

अकरा ठिगळांची यादी, ती मीच लावल्याच्या कबुलीसकट, समितीतल्या प्रत्येकाला पाठवली. दुपारीच माझा पासवर्ड बंद. नवरा म्हणाला, निवृत्तीला आठ वर्षं होती, तेवढी गप्प बसली असतीस. मी म्हटलं, त्याआधीची आठ बसलेच होते की.

समितीने यंत्र उघडायला लावलं. तळाच्या भिंतीला लावलेली एक फरशी कडेने उचलली गेली होती, आणि ती कड वितळलेली. मग मला ऑफिसातून पत्र आलं: परत या, फक्त परस्पर कळवल्याबद्दल माफी मागा. मी लिहिलं, ठिगळांबद्दल मागते, कळवल्याबद्दल नाही.

उत्तर आलं नाही. मी वाटही पाहिली नाही. बरं, खोटं कशाला, महिनाभर पाहिली. पण माझ्या पत्रातला शब्द बदलला नाही.